वाहकाची शक्ती

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या रेवदंड्याच्या घरी ओटीवर पाट मांडून त्यावर कोयता, नारळ सोलायची पहार, अडकित्ता, विळी आणि वर्षातून एकदाच पेटीबाहेर निघणारी पणजोबांची गंजकी तलवार अशी सारी आयुधे हारीने ठेवली जातात, आणि विहिरीवर रहाटाच्या जागी येऊन बसलेल्या पंपाला झेंडूचा हार घालून झाला की घरातील वडीलधारी बाई कुंकवाचा करंडा घेऊन अखेरीस मीटरशेजारी भिंतीत बसविलेल्या पांढऱ्या पेटीपाशी जाते आणि तिच्या झाकणावर कुंकवाचे एक बोट ओढते. गेल्या खंडेनवमीस ते कुंकू ओले असतानाच माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो अद्याप पुरता बसलेला नाही. कोयता कापतो, पहार सोलते, पंप पाणी चढवितो. ज्याची आपण पूजा करतो त्याने वर्षभर काही तरी केलेले असते. ही पेटी मात्र वीज निर्माण करीत नाही आणि तिचा उपभोगही घेत नाही. ती आलेली वीज वाटून देते, आणि प्रसंग आला की देण्याचे नाकारते. तर मग त्या कुंकवाने पूजा झाली ती शक्तीची, की शक्तीला अडविणाऱ्याची? आणि अडविणे हेही जर पूज्य ठरत असेल, तर ते कोणाच्या हितासाठी अडविलेले असावे लागते?

पेटीला वायरमन ‘डीबी’ म्हणतात, आणि खांबावरच्या रोहित्राला आमच्याकडे सारा गाव ‘डीपी’ म्हणतो, त्यामुळे दोहोंचा घोटाळा नित्याचा आहे. ही डीबी येण्यापूर्वी त्याच जागी एक सागवानी फळी होती. तिच्यावर ओतीव लोखंडाचा काळा मेन स्विच आणि चिनी मातीचे चार फ्यूज होते. एका मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आंब्यासाठी म्हणून येऊन राहिले असता, एका रात्रीत तीनदा फ्यूज उडाला, तिन्ही वेळा विजेरीच्या उजेडात मी केसासारखी बारीक तार बदलली, आणि चौथ्या वेळी वैतागून, जो अपराध कोकणातील निम्म्या घरांत कोणी ना कोणी केलेला असतो तो मीही केला: तांब्याच्या जाड तारेचा पीळ घालून फ्यूज बसवून टाकला. त्यानंतर फ्यूज उडाला नाही, आणि आपण एका कटकटीचा कायमचा बंदोबस्त केला असे समजून मी स्वस्थ झोपलो. चार दिवसांनी माळ्यावरून करपट वास येऊ लागला. लाकडी पट्टी उकलून पाहिली तेव्हा तिच्या आतील तारेचे रबर हाताचा स्पर्श होताच राखेसारखे झडले, आणि वरच्या वाशाला हातभर लांबीचा काळा चट्टा पडलेला दिसला. ज्या वायरमनने ती तार बदलली त्याने माझा प्रताप पाहून मला खडसावले नाही, एवढेच म्हणाला, “काका, फ्यूज तुमच्या फ्रीजसाठी नसतो. तारेसाठी असतो.”

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळविले. तोवर माझी, आणि मला वाटते बहुतेक सुशिक्षितांचीही, अशी समजूत होती की फ्यूज किंवा आताचा खटका, ज्याला सारे एमसीबी म्हणतात, तो आपल्या मौल्यवान उपकरणांचा राखणदार होय. वस्तुस्थिती निराळी आहे. खांबावरून आलेली वीज मीटरमधून मुख्य खटक्यात, तेथून तांब्याच्या एका पट्टीत आणि त्या पट्टीवरून ओळीने बसविलेल्या लहान खटक्यांत येते, आणि प्रत्येक खटक्यातून एकेक वाट घराच्या एकेका भागाकडे निघते. या प्रत्येक वाटेवरचा खटका किती अँपिअरचा असावा हे त्या वाटेच्या टोकाला काय लावले आहे यावरून ठरविल्यास चुकते. ते भिंतीत गाडलेली तार किती जाडीची आहे यावरून ठरवावे लागते. दिव्यापंख्यांच्या दीड चौरस मिलिमीटर तारेला सहा किंवा दहा अँपिअरचा, इस्त्रीगिझरच्या अडीच चौरस मिलिमीटर तारेला सोळाचा, असा हा हिशेब आहे. खोलीत राहणाऱ्याची इच्छा कितीही मोठी असो, वीज पुरविणाऱ्याचे भांडार कितीही भरलेले असो, मधली तार जेवढे सोसू शकते तेवढेच तिच्यातून जाऊ द्यावयाचे. आणि खटका खाली पडतो तो उपभोगणाऱ्याला शिक्षा म्हणून पडत नाही, वाहून नेणाऱ्याची कीव येऊन पडतो, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता येथे धर्मशास्त्राशी संबंध येतो तो असा. गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी दैवी संपत्तीची जी गणना आहे तीत दानाचा समावेश आहे, आणि शंकराचार्यांनी त्या दानाचा अर्थ अन्नादिकांचा यथाशक्ति संविभाग असा केला आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यातील, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, पेण तालुक्यात गागोदे नावाचे खेडे आहे. तेथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी पुढे १९५१ पासून भूदानाच्या पदयात्रेत आचार्यांच्या या एका शब्दाचा आधार घेऊन गावोगाव सांगितले की दान म्हणजे भीक घालणे नव्हे, सम्यक् विभागणी होय. संविभाग हा शब्द त्यांच्या मुखातून इतका रूढ झाला की त्याच्याआधीचा ‘यथाशक्ति’ हा शब्द जणू त्याच्या तेजात झाकून गेला. परंतु यथाशक्ति म्हणजे कोणाच्या शक्तीप्रमाणे? परंपरेचे उत्तर सरळ आहे: देणाऱ्याच्या. ज्याला शेर देता येईल त्याने शेर द्यावा, ज्याला मूठ देता येईल त्याने मूठ. दानाचा विचार करताना आपल्या ग्रंथकारांनी दात्याची योग्यता, घेणाऱ्याची पात्रता, देण्याचा देश आणि देण्याचा काल यांचा सूक्ष्म तपशील दिलेला आहे. पण दात्याच्या कोठारापासून घेणाऱ्याच्या ओंजळीपर्यंत ते धान्य ज्याच्या पाठीवरून जाते त्याच्याविषयी या विवेचनात फारसे काही सापडत नाही. डीबीच्या शास्त्रात मात्र दाता आणि भोक्ता हे दोघेही गौण असून यथाशक्ति या पदाचा अन्वय तिसऱ्याशीच, त्या मुक्या वाहकाशीच लावलेला आहे. माझे म्हणणे असे की हा अन्वय केवळ विजेपुरता ठेवण्याचे कारण नाही.

ते म्हणणे पुढे नेण्यापूर्वी त्या खटक्याच्या पोटात एकदा डोकावणे अवश्य आहे, कारण अडविण्याचे नीतिशास्त्र तेथे मोठ्या कुशलतेने रचलेले आढळते. मानहाइम येथील हूगो श्टोट्झ यांनी १९२४ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले तिच्यापासून चालत आलेल्या या यंत्रात अडविण्याची दोन निरनिराळी साधने एकाच दांडीला जोडलेली असतात. पहिले म्हणजे दोन धातूंची एकत्र सांधलेली पट्टी. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती तापते, दोन धातू कमीअधिक प्रसरण पावल्यामुळे हळूहळू वाकते, आणि पुरेशी वाकली म्हणजे खटका सोडते. हिचा स्वभाव सोशिक आहे. मर्यादेच्या एक पूर्णांक तेरा शतांश पट प्रवाह असला तर तिने निदान तासभर तरी खटका पाडता कामा नये, आणि एक पूर्णांक पंचेचाळीस शतांश पट असला तर तासाच्या आत पाडलाच पाहिजे, असा प्रमाणसंहितेचा दंडक आहे; म्हणजे अतिरेक जितका लहान तितकी क्षमेची मुदत मोठी. दुसरे साधन म्हणजे तारेचे वेटोळे. कोठे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडून प्रवाह एकाएकी अनेक पटींनी उसळला, तर त्या वेटोळ्यात चुंबकत्व जागे होऊन ते सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात खटका तोडते. येथे मुदत नाही, सुनावणी नाही, दयेचा अर्जही नाही. घरोघरी वडिलांना जे साधत नाही, म्हणजे लहान चुकीवर न ओरडणे आणि मोठ्या अनर्थात क्षणभरही न रेंगाळणे, ते या अंगठ्याएवढ्या यंत्राला साधलेले आहे. आणखी एक गोष्ट. पडलेला खटका कोणी हट्टाने वर दाबून धरला, तरी दोष कायम असेपर्यंत तो आतून सुटलेलाच राहतो. बाहेरची दांडी वर दिसते, आतील संबंध तुटलेला असतो. कारभाऱ्याला बाहेरून दाबून वाकडे काम करून घेता येऊ नये अशी ही तजवीज पाहून मला आमच्या इकडच्या कित्येक कचेऱ्यांची आठवण झाली आणि हेवा वाटला.

जुना फ्यूज याहून भोळा. तो अतिरेक झाला की स्वतः वितळून जाई. आपल्या काव्यपुराणांतून आत्माहुतीचे जे स्तवन आहे त्यावर पोसलेल्या मनाला फ्यूज अधिक उदात्त वाटावा हे साहजिक आहे. परंतु मला वाटते, जो प्रत्येक प्रसंगी मरतो त्याच्या जागी पुढच्या वेळी कोण येऊन बसेल हे त्याच्या हाती राहत नाही, आणि माझ्या हातून ज्याप्रमाणे तांब्याचा पीळ येऊन बसला त्याप्रमाणे हुतात्म्याच्या जागी निबर माणूस येऊन बसण्याचा धोका नेहमीच असतो. पडून पुन्हा उठणारा, आणि उठल्यावर पुन्हा तितक्याच निष्ठेने पडण्यास तयार असणारा, असा रक्षक मला अधिक श्रेयस्कर वाटतो.

येथे कोणी गीतेचाच आधार घेऊन आक्षेप काढील. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्वतःच शंका घेतली आहे की सारी भूते आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागत असता निग्रहाने काय होणार? आक्षेप खरा आहे, आणि संयमाच्या नावाखाली स्वतःला चेपून टाकणाऱ्या पुष्कळ साधकांना तो लागूही पडतो. पण पेटी विजेची प्रकृती बदलू पाहत नाही. ती प्रवाहाला दाबून लहान करीत नाही, त्याला उपदेश करीत नाही, उलट फिरवीत नाही. ती फक्त वाट उघडते किंवा मिटते. कोंडून ठेवणे आणि वाट मिटणे यांत जो भेद आहे तो धरणाच्या भिंतीत आणि दाराच्या कडीत असलेल्या भेदासारखा आहे. धरणाच्या मागे साठलेल्याचा भार वाढत जातो. कडी घातलेल्या दाराच्या मागे काहीच साठत नाही. गीतेने ज्या निग्रहाविषयी शंका घेतली तो पहिल्या जातीचा. पेटी शिकविते तो दुसऱ्या जातीचा.

मोठ्या खटक्याशेजारी आणखी एक यंत्र असते, आरसीसीबी नावाचे, आणि त्याचे काम केवळ जमाखर्चाचे आहे. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह हे दोन्ही लोखंडाच्या एकाच कड्यातून उलटसुलट दिशांनी जातात. दोहोंची बेरीज शून्य असेल तर कडे शांत असते. पण तीस मिलिअँपिअरएवढी, म्हणजे जेमतेम एका लहानशा दिव्याला पुरणारी तूट आली, तर तेवढी वीज कोठे तरी, बहुधा कोणाच्या तरी देहातून, जमिनीत गेली असे मानून ते सारे घर अंधारात टाकते. अमेरिकेतील बर्कली येथील विद्युतशास्त्रज्ञ चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून, किती प्रवाहापर्यंत हात सोडविता येतो आणि कोठून पुढे सोडविता येत नाही हे मोजले होते, आणि पुढे १९६१ साली याच तत्त्वावरचे एक रक्षक यंत्र तयार केले. पुरुषांच्या बाबतीत ती सीमा सरासरीने सोळा मिलिअँपिअरच्या आसपास आली. आपल्याकडे अशा वेळी लोक म्हणतात, ‘करंटने पकडले.’ वास्तविक वीज कोणाला धरीत नाही. तिच्यामुळे माणसाचेच स्नायू आखडतात आणि त्याचीच मूठ तारेभोवती आवळली जाते. ज्ञानेश्वरीत नळीवर बसलेल्या पोपटाचा जो दृष्टान्त आहे, आपणच नळी घट्ट धरून आपण बांधलेले आहोत असे समजणाऱ्या पक्ष्याचा, तो मी लहानपणी ऐकला तेव्हा कल्पनेचा खेळ वाटला होता. शरीरशास्त्राने तो अक्षरशः खरा करून ठेवलेला आहे. फरक इतकाच की पोपटाला कोणी समजावले तर तो सुटेल. या माणसाला समजावून उपयोग नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी खटका पाडावा लागतो. आसक्तीवरचा उपदेश करणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेतला असता तर पुष्कळ व्यसनी माणसांची विटंबना टळली असती.

पेटीत हिरव्या तारांची एक पट्टी असते, तिच्याविषयीही लिहिले पाहिजे. या तारेतून सामान्यतः काहीच वाहत नाही. घराबाहेर आठ-दहा फूट खोल खड्ड्यात कोळसा आणि मीठ यांच्या थरांत पुरलेल्या पत्र्यापर्यंत ती जाते, आणि वर्षानुवर्षे नुसती असते. उपकरणाच्या धातूत चुकून वीज उतरली तरच तिला काम पडते. आमची पुळणीची जमीन मे महिन्यात इतकी कोरडी पडते की समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतावे लागते, नाही तर ती साक्षी असूनही तिला साक्ष देता येत नाही. व्यवहारात असून व्यवहारापासून अलिप्त राहण्याचे हे जे पद वेदान्ताने साक्षीला दिले आहे, त्याचे एक मोठे उदाहरण आमच्या अलिबागेत उभे आहे. मुंबईच्या कुलाबा भागातील वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या धावावयाच्या हे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नाजूक सूच्या विचलित होणार हे जाणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली नवे चुंबकीय केंद्र अलिबागेस उभारण्यात आले. ते १९०४ साली सुरू झाले, १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणची मापने ताडून पाहण्यात आली, आणि मग मुंबईचे काम बंद झाले. कुलाब्याहून निघून सूच्या कुलाबा जिल्ह्यातच आल्या. इमारतीत लोखंड येऊ नये याची खबरदारी घेतलेली होती. एका शहराला शक्ती मिळाली म्हणून दुसऱ्या गावाने मौन राखावयाचे, कारण कोणी तरी खरे मोजणारा उरला पाहिजे, ही विभागणी मला सुंदर वाटते.

सगळ्याच विभागण्या इतक्या सुंदर नव्हत्या, आणि यथाशक्तीचा प्रश्न मला जेथे टोचतो ते ठिकाण हेच. मुंबईच्या गिरण्यांना पुरविलेली जलविद्युत् निर्माण झाली ती आमच्या जिल्ह्यात: १९१५ साली खोपोलीस, १९२२ साली भिवपुरीस, १९२७ साली भिऱ्यास. भिऱ्याच्या चक्रांवरून उतरणारे पाणी घाटावरच्या मुळशीचे. काम आटोपून ते कुंडलिकेत मिसळते, कोलाड आणि रोहा ओलांडून कोर्लईच्या किल्ल्याखाली आमच्या रेवदंड्याच्या खाडीत येऊन समुद्राला मिळते. त्या पाण्यासाठी मावळातल्या ज्या शेतकऱ्यांची भातशेते आणि घरे तलावाखाली गेली त्यांनी १९२१ साली सेनापती बापट प्रभृतींच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला, आणि तो मोडला. दाता समर्थ होता, भोक्ता समर्थ होता; मधून ज्यांच्या अंगावरून हे सारे गेले त्यांची सोसण्याची सीमा कोणी मोजलेली नव्हती, म्हणून त्या वाटेवर खटकाही बसविलेला नव्हता. आणि वाटपाचे म्हणाल तर, त्याच जिल्ह्यातील, मुंबईच्या ऐन डोळ्यांसमोरील घारापुरीच्या तीन वस्त्यांना समुद्राच्या तळातून केबल येऊन वीज मिळाली ती २०१८ साली, खोपोलीनंतर एकशे तीन वर्षांनी. तोवर जगभरचे प्रवासी तेथील सदाशिवाच्या मुद्रेवरील प्रसन्न शांतीचे वर्णन करून सायंकाळच्या बोटीने परतत होते.

तथापि वाहकाने स्वतः खटका पाडल्याचे उदाहरणही आमच्याच किनाऱ्यावरचे आहे, आणि ते तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. खोती पद्धतीत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत हा वाटपाचा कारभारी. वरून सारा ठरे, खालून अर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, आणि वेठ वसूल होई, आणि कुळाच्या तारेतून किती ओढावे याला कागदोपत्री जी हद्द असेल ती वहिवाटीत जाडजूड पिळासारखी बसविलेली असे, म्हणजे कधी उडत नसे. १९३३ च्या ऑक्टोबरात अलिबागेजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसावयाची नाही असा ठराव केला, आणि हा संप एक ना दोन, सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती पुढे १९४९ च्या अधिनियमाने. या संपाची थोरवी माझ्या मते यात आहे की त्यात कोणाचे कोठार लुटले गेले नाही, प्रवाह उलटा फिरविला गेला नाही. वाट तेवढी मिटली. गीतेच्या आक्षेपाला मी वर जे उत्तर दिले ते या शेतकऱ्यांनी माझ्या कितीतरी आधी आणि उपाशी पोटी दिलेले आहे.

आता एका अडचणीकडे वळतो, कारण माझा सिद्धान्त तेथे लंगडा पडतो आणि ते लपवून ठेवणे बरे नव्हे. लहान इमारतीत वीज तीन फेजांनी येते. (चौलच्या टेकडीवरील दत्ताच्या पायऱ्या चढताना तीन फेजांची त्रिमूर्तीशी सांगड घालण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे, तो मी प्रत्येक वेळी आवरला, आणि येथेही आवरतो.) प्रत्येक बिऱ्हाडाला एक फेज मिळतो आणि न्यूट्रल सर्वांची एकच असते, फेज आणि न्यूट्रल यांमध्ये दोनशे तीस व्होल्ट, दोन फेजांमध्ये सुमारे चारशे. तिन्ही बाजूंचा भार समतोल असेल तर त्या सामाईक तारेतून जवळजवळ काहीच परतत नाही. पण ती तार कोठे गंजून तुटली, आणि खाऱ्या हवेत तांब्याला हिरवा कळंक चढून सांधा सैल होणे ही आमच्याकडे नित्याची गोष्ट आहे, तर दोन बिऱ्हाडे नकळत एकाच माळेत ओवली जातात आणि चारशे व्होल्टांची विभागणी त्यांच्यात होऊ लागते. ती कशी होते? ज्या घरात वातानुकूल यंत्र, गिझर, इस्त्री असे सारे धडाक्याने चालू असेल त्याच्या वाट्याला थोडा दाब येतो. आणि ज्या घरात कोणी म्हातारी एकच दिवा लावून पोथी वाचीत बसलेली असेल तिच्याकडे तो उसळून जातो. दिवा फुटतो तो तिचा. तिच्या डीबीतला खटका अशा वेळी मुकाट्याने वर राहतो, कारण तिने मर्यादा ओलांडलेलीच नसते.

या घटनेचा अर्थ लावताना मी पुष्कळ दिवस घुटमळलो. संयमी माणसाचे रक्षण त्याचा संयम करील, असे आपल्या नीतिग्रंथांनी गृहीत धरले आहे. सामाईक तार शाबूत असेपर्यंत ते खरेही आहे. ती तुटल्यावर मात्र मितव्ययाची परतफेड अनर्थाने होते, आणि बेफिकीर शेजारी सुखरूप राहतो. म्हणजे निग्रह हा एकेकट्याचा धर्म म्हणून पुरा पडत नाही. ज्या सांध्याकडे कोणाचेच लक्ष नसते, कारण तो कोणा एकाच्या मालकीचा नसतो, तो घट्ट ठेवणे हे संयमाचेच अर्धे अंग आहे. वैयक्तिक साधनेच्या वाटेने मोक्षाला निघालेल्यांना हे ऐकविले तर ते याला समाजकारण म्हणून बाजूस सारतील. मी त्यांना फुटलेला दिवा दाखवीन. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढले आणि सुपारीच्या वाड्या आडव्या करून, खांब मुरगाळून गेले, तेव्हा कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या दिवसांत प्रत्येक घरातील डीबी जागच्या जागी निर्दोष होती, आणि तिचा कोणाला काही उपयोग नव्हता. भर पावसात खांबावर चढून तार ओढणाऱ्या लाइनमनकडे सारा गाव डोळे लावून बसला होता. कंबरेला दोर बांधून चढलेला तो माणूस या व्यवस्थेतला सर्वांत उघडा वाहक. त्याच्या सोसण्याची मर्यादा कोणत्या खटक्यावर लिहिलेली आहे, हा प्रश्न मी महावितरणला विचारीत नाही, वाचकाला विचारतो, कारण ‘अजून लाईट का नाही?’ म्हणून फोनवर खेकसणारे आपणच होतो.

तेव्हा झाकणावर कुंकू ओढणारी आमची वडीलधारी बाई चुकलेली नाही, असे माझे मत झाले आहे. ती ना शक्तीची पूजा करते ना अडविणाऱ्याची. त्या पेटीच्या मागे भिंतीत गाडलेल्या, कोणाला न दिसणाऱ्या तारांच्या वतीने कोणी तरी मध्ये उभे आहे, त्याला ते कुंकू लागते. मंत्र कोणता म्हणावा याविषयी शास्त्रात सोय नाही. पण एक विधी मी सुचवितो. आरसीसीबीच्या अंगावर ‘टी’ अक्षर असलेले एक लहानसे बटण असते. ते दाबले की यंत्र स्वतःच खोटी तूट निर्माण करून आपण अजून जागे आहोत की नाही हे तपासते. दर महिन्याला ते दाबावयाचे असते, आणि बहुतेक घरांत ते बसविल्यापासून एकदाही दाबलेले नसते. येत्या खंडेनवमीस कुंकू ओढण्याआधी ते दाबून पाहावे. खटका पडला तर वर करून पूजेला लागावे. न पडला तर करंडा खाली ठेवून आधी वायरमनला बोलवावे.